उघाडी म्हणजे हवेशीर

बाळकुम, ठाणे
गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

चिरंजीव प्रभाकर यास देवयानीताईचे आशीर्वाद (एरवी अनेक असतात, या खेपेस मोजून दोन).

रविवार, दिनांक १ फेब्रुवारी रोजी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, कोपरच्या 'लहरी पार्क' या इमारतीत, तळमजल्यावरचा जो फ्लॅट तू आणि हेमा घ्यायला निघाला आहात त्याच्याच दिवाणखान्यात, बिल्डरच्या ऑफिसातल्या करिश्मा नावाच्या मुलीसमक्ष तू मला म्हणालास, "ताई, तू कॉन्व्हेंटची. मराठीत तू पडू नकोस." वेळ मला अचूक ठाऊक आहे, कारण अपमान झाला की मी आधी घड्याळ पाहते. विमा कंपनीच्या दावे विभागात एकतीस वर्षं काढल्यावर ही सवय लागते. तिथे नुकसान किती झालं याच्या आधी ते कधी झालं हे लिहावं लागतं. असो. तुझा गुडघा कसा आहे? हेमाची शुगर? तुमचा सलिल टोरांटोहून फोन करतो का, की अजून नुसते अंगठेच पाठवतो? माझी प्रकृती उत्तम आहे. संतापाने भूक चांगली लागते.

तू सोयीस्करपणे विसरला असशील म्हणून सांगते, वाद एका शब्दावरून झाला. करिश्माने कागदांची फाइल पुढे केली (तू तेव्हा बिस्किटांची बशी न्याहाळत होतास) आणि त्यात त्या जमिनीचा जुना सातबारा होता. शेताचं स्थानिक नाव लिहायच्या रकान्यात लिहिलं होतं, 'उघाडी'. मी साधं विचारलं, उघाडी म्हणजे काय? करिश्मा म्हणाली, "मॅम, ते जुनं गाववालं काहीतरी असतं, त्याचं टेन्शन नका घेऊ." तेवढ्यावर थांबलं असतं. पण तू अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस, तू घसा साफ केलास. उघडणे हे क्रियापद, त्यावरून उघाडी, म्हणजे मोकळी, हवेशीर जागा. आपल्या पूर्वजांनी शेतांनासुद्धा किती अर्थपूर्ण नावं ठेवली होती, वगैरे. हेमाने मान डोलावली (ती लग्नापासून डोलावते आहे, तिची मान दुखते त्याचं कारण डॉक्टरांना अजून कळलेलं नाही). मी म्हटलं, गावातल्या कुणाला तरी विचारून घेऊ. त्यावर तुझं ते सुप्रसिद्ध वाक्य आलं. करिश्मा हसली. मी बिस्कीट न घेता उठले, हे तू पाहिलंस की नाही कोण जाणे.

बाबांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं त्यात माझा काय दोष? ती शाळा आपल्या बिऱ्हाडाच्या बाजूला होती आणि मला रस्ता ओलांडावा लागत नव्हता, एवढंच कारण. तू शाळेत जायचा झालास तोवर आपण रस्त्याच्या पलीकडे राहायला गेलो होतो, आणि पलीकडे मराठी शाळा होती. एका रस्त्यापायी तू मला पन्नास वर्षं परभाषिक ठरवत आला आहेस. नन्सकडून मी एक गोष्ट शिकले: शब्द येत नसेल तर विचारावा, आणि येतो असं वाटत असेल तर दोघांना विचारावा. म्हणून मंगळवारी जेवून मी एकटीच पुन्हा कोपरला गेले.

प्रभाकर, घर बघायला जाताना माणसं टाइल्स बघतात, मॉड्युलर किचनचे कप्पे उघडून बंद करतात आणि मास्टर बेडरूममध्ये पलंग कुठे लावायचा यावर भांडतात. मी भिंत बघते. त्या इमारतीची बाहेरची भिंत माझ्या कमरेपर्यंत एका पिवळ्या रंगाची आहे आणि त्याच्या वर दुसऱ्या पिवळ्या रंगाची. रंगाऱ्याचा डबा संपला होता म्हणावं, तर रेघ चारही बाजूंनी एकाच उंचीवर आहे. मग मी विजेचे मीटर पाहिले. ते इतके उंच लावले आहेत की रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसासाठी वॉचमनने एक स्टूल ठेवलं आहे. मीटर कुणी हौसेने उंच टांगत नाही. वॉचमनला विचारलं, पावसाळ्यात इथे गाड्या कुठे लावतात? तो भोळा माणूस म्हणाला, "जुलैमध्ये सगळे पुलावर नेऊन लावतात, इथे कशाला ठेवतील?" समोर लग्नाचं लॉन आहे, हेही त्याच दिवशी कळलं, कारण भर दुपारी तिथे हळदीचा डीजे लागला होता आणि दिवाणखान्याच्या काचा ताल धरत होत्या. करिश्मा मला बघून धावत आली आणि म्हणाली, "मॅम, रौनक आहे ना इथे?" मी भिंतीबद्दल विचारलं. ती म्हणाली, पाणी फार येत नाही, घोट्यापर्यंतच. कुणाच्या घोट्यापर्यंत, ते तिने सांगितलं नाही. ती रेघ जर घोट्याची असेल, तर तो घोटा जिराफाचा असावा.

एवढ्यावर मी दावा मंजूर केला नसता, कारण शब्दाचा अर्थ अजून बाकी होता. इमारतीच्या मागच्या गल्लीत गंगुबाई म्हणून सत्तरीची एक बाई सुकट आणि चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घेऊन बसते. जन्म त्याच गावातला. मी तिच्याकडून पाव किलो सुकट घेतली (मी खात नाही, तुला माहीत आहे, बाळकुमच्या माझ्या घराला दोन दिवस वास होता आणि शेजारच्या मांजराशी माझी नव्याने ओळख झाली) आणि विचारलं, उघाडी म्हणजे काय हो? तिने आधी माझ्याकडे, मग त्या इमारतीकडे पाहिलं. म्हणाली, "उघारी? अगो बाय, आमचे शेताला बांध व्हता. खारीचा पानी आत येव नये आन पावसाचा पानी भायेर जावा, म्हून बांधाला लाकराचा दार ठेवतान. ती उघारी. दार मोरला, बांध गेला, पानी मातर घर नाय विसरला." खारी म्हणजे खाडी, हे मला कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही समजलं. मी तिला सांगितलं, माझा भाऊ मराठीचा मास्तर आहे, तो म्हणतो उघाडी म्हणजे हवेशीर. गंगुबाई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "तुझे भावसाला सांग, हवा येल, पन ती पवत येल." (पवत म्हणजे पोहत, मास्तर.)

तिच्याकडेच मी थोडा वेळ बसले. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, भरती मोठी होती. अडीचच्या सुमारास इमारतीच्या कुंपणालगतचा नाला, जो रविवारी तुला 'छोटा झरा' वाटला होता, उलटा वाहायला लागला. आभाळात ढगाचा तुकडा नाही, फेब्रुवारीचं कोरडं ऊन, आणि पाणी मुकाट वर चढत पार्किंगच्या कडेला आलं. त्याच्याबरोबर एक चिंबोरी आली. ती तुमच्या नावे नेमून दिलेल्या पार्किंगच्या चौकोनात आडवी चालत गेली आणि मधोमध थांबली. मी आत जाऊन करिश्माला बोलावलं आणि बोट दाखवलं. ती म्हणाली, "मॅम, बायोडायव्हर्सिटी." पोरगी हुशार आहे, आमच्या खात्यात असती तर कुणाचाच दावा मंजूर झाला नसता. जाता जाता तिने मला माहिती पुरवली की या जागेचं मूळ नावच हवेशीर असं आहे, एका मोठ्या प्रोफेसरांनी सांगितलंय.

तर मोठे प्रोफेसर, गुरुवार १२ तारखेला तुमची नोंदणी आहे. सह्या झाल्या की तुझ्या निवृत्तीचं सगळं त्या तळमजल्यात जाईल आणि पहिल्या जुलैत तू पलंगावर पाय वर घेऊन बसशील. तुझे शब्दकोशाचे खंड सगळ्यात खालच्या फळीवर असतात. उघाडीचा अर्थ आधी त्यांना कळेल. हेमा जाईचा वेल लावणार म्हणते, त्या जागी काय उगवेल ते गंगुबाईला विचार. तळमजला गुडघ्यासाठी हवा, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण गुडघा आणि पाणी यांची गाठ घालून देणं हा त्यावरचा इलाज नव्हे. ही नोंदणी तू थांबवावीस, आणि बारा वाजून वीस मिनिटांचं ते वाक्य हेमासमक्ष मागे घ्यावंस.

तुझी, मराठीत न पडणारी,
देवयानीताई

ता. क. हे सगळं मी निव्वळ तुमच्या काळजीने लिहिलं आहे, माझा यात काही हेतू नाही. सहज म्हणून कळवते, माझ्या समोरचा फ्लॅट विकायला निघाला आहे. दुसरा मजला, लिफ्ट आहे, पूर्वेला गच्चीवजा बाल्कनी आहे, जाईला ऊन पुरेल.

ता. ता. क. खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून हेही सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्याही गेटातून पाणी आत आलं होतं. दुसऱ्या मजल्यावर काही येत नाही. फक्त लिफ्ट बंद, वीज बंद, आणि दोन दिवस बोलायला कुणी नाही. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलाचा फोन आला, त्याच्याशी मी चाळीस मिनिटं बोलले; शेवटी तोच म्हणाला, आजी, मला दुसरे कॉल आहेत. एकतीस वर्षं मी धोक्यांचे फॉर्म भरून घेतले, या धोक्याला त्यात रकाना नव्हता.

ता. ता. ता. क. फ्लॅटचे मालक माझ्या शब्दाखातर बुधवार, ११ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत थांबले आहेत. त्याआधी मला तुझं लेखी उत्तर हवं. फोन करू नकोस, फोनवर तू हेमाला पुढे करतोस. 'हो' असेल तर कार्डावर एवढा एक शब्द पुरे. 'नाही' असेल तर कारणांसह, शुद्धलेखन तपासून, स्वतः इथे येऊन माझ्यासमोर बसून लिहावं. जेवायला थांबावं लागेल.