बुंध्यावरचं औषध

४ मार्च
पोचले एकदाची. ताईचं घर झकास आहे. पुढे अंगण, मागे रान आणि मधोमध भाऊजी. या हौशी माणसानं कुठूनशी आणून लावलेल्या वेलीनं कुंपण गिळलं, रानातली झाडं गिळली, आता ती आजारी ताईच्या खिडकीतून आत शिरली आहे. यावर महाशयांचा उपाय काय, तर रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं चार पानं छाटायची. जणू केशकर्तनालयच थाटलंय. असल्या उपऱ्या वेली मारणं हा माझा धंदा. ऊनवारा आत आला की ताई उठून बसेल. तेवढ्यासाठीच मी आले आहे.

५ मार्च
भाऊजींची शिकवणी घेतली. उपटायचं नाही, कारण तुटलेला प्रत्येक तुकडा नव्यानं रुजतो. बुंधा जमिनीलगत कापायचा आणि रस ओला असतानाच ब्रशनं औषध फासायचं, म्हणजे ते मुळापर्यंत जातं. आणि कीव करायची नाही. त्यांनी नंदीबैलासारखी मान डोलावली. मग हळूच म्हणाले, बुंध्याला हात लावू नकोस, ताईला सोसणार नाही. ताईच्या हाताला याच वेलीचा रस लागला आणि ती अंथरुणाला खिळली म्हणे. तू निदान हातमोजे तरी घाल. अकलेच्या नावानं आनंदच आहे. मोजे मुद्दाम त्यांच्या देखत काढून ठेवले.

७ मार्च
मुख्य बुंधा ताईच्या खिडकीखाली सापडला, चांगला मांडीएवढा. भाऊजी आडवे आले, चक्क रडले. बाजूला सारलं त्यांना. कापला, औषध फासलं. मनगटावर ओरखडा उठला, त्यात रस झोंबला. काम मात्र देखणं झालं.

९ मार्च
वेल शेंड्यांकडून पिवळी पडतेय, अगदी पडावी तशी. भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालंय. ताईची नखंही जरा पिवळी दिसतात. अशक्तपणा, दुसरं काय.

१० मार्च
ताईच्या उशीवर केसांचा ढीग. बोटं टोकांकडून काळी पडलीत. माझ्या औषधाचा परिणाम असाच दिसायला लागतो, टोकांकडून. पण ते वेलीत. भाऊजी बुंध्यावर पाणी ओतत बसलेत, धुऊन निघेल म्हणतात. मूर्ख माणूस.

११ मार्च
पांघरूण काढलं. ताईच्या टाचेतून मूळ निघालंय. गादीतून, फरशीच्या फटीतून, खिडकीखालच्या बुंध्याकडे. सुकत चाललेलं. भाऊजींना माहीत होतं. म्हणून नुसती पानं छाटायचे. सांगितलंही होतं. मी हसले. मी —

१२ मार्च
ताई गेली. मी मारली तिला.

१३ मार्च
ओरखड्यात कोंब. हिरवा, लुसलुशीत. ओढला की थेट खांद्यापर्यंत कळ — उपटायचा नाही, तुकडा रुजतो, मीच तर —

भाऊजी दारात उभे आहेत. आज रडत नाहीत. हातात माझी करवत, माझा ब्रश, बाटली. सगळं कसं नीट धरलंय, शिकवल्याप्रमाणे. मायेनं म्हणाले, नुसता कोंब छाटून भागायचं नाही, खालून कापायला हवं. हात पुढे कर. मी म्हटलं, थांबा, जरा विचार — ते म्हणाले, कीव करायची नाही, तूच सांगितलंस ना. आणि रस ओला असतानाच —