सगळ्या विषयांत एक

प्रिय रुझा,

हे पत्र बसचा ड्रायव्हर ओब्राद शनिवारी सकाळी तिकडे लिंझच्या बसथांब्यावर तुझ्या हातात देईल. उभ्या उभ्या वाचू नकोस, कुठंतरी बस. विषय तुझ्या बाबांचा आहे आणि बातमी वाईट आहे. फोन का नाही केलास, म्हणशील. फोनवर तू नेहमीसारखं विचारलं असतंस, "बाबा बरे आहेत ना?" आणि सवयीनं मी हो म्हणून मोकळी झाले असते. गेली तीन वर्षं मी तेच करत आले आहे.

तुला तो कागद आठवतो? दर सप्टेंबरला डायलिसिसवरच्या प्रत्येक पेशंटला विचारून भरायचा. कल्पना चांगलीच होती गं. रक्तातलं काय ते तपासणीत कळतं, पण माणूस जगतोय कसा, हे त्यालाच विचारायला नको का? चालणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि मन. प्रत्येकाला एक ते पाच आकडा. एक म्हणजे काहीच त्रास नाही, पाच म्हणजे सोसवत नाही. चौदा खाटा, सगळ्यांची यंत्रं एकदम पीं-पीं करतायत आणि मी एकटी नर्स. आकड्यांचा अर्थ सुरुवातीला एकदा भरभर वाचायचा, मग नुसतं "चालणं? दुखणं?" विचारत सुटायचं. म्हातारा झिवोयिन म्हणायचा, "तुला हवा तो आकडा टाक बाई, फक्त तोंडात धरायला बर्फाचा एक खडा दे."

आणि तुझे बाबा, माझे शाळेतले सर. सुया टोचलेला हात लांब केलेला, नजर छताकडे. "एक. एक. एक. एक. एक." मी हसायचे. म्हणायचे, सर, सगळे तुमच्यासारखे असते तर आम्हाला कामच उरलं नसतं. ते तोंड खिडकीकडे वळवायचे. मला वाटायचं, ताठा आहे. आपल्याकडचे पुरुष मरतील पण दुखतंय म्हणायचे नाहीत, हे काय मला नवीन आहे? दोघांनी काखेत हात घालून गाडीत चढवायचा माणूस चालण्याला 'एक' म्हणतो आणि मी बिनदिक्कत गोल करते. वर सगळ्या वॉर्डात कौतुक सांगत फिरते.

त्याच पहिल्या सप्टेंबरात तू लिंझला जायला बॅग भरून बसली होतीस आणि तुझा पाय निघत नव्हता. मला म्हणालीस, शपथेवर सांग, बाबा खरंच कसे आहेत? मी म्हणाले, अख्ख्या वॉर्डात सगळ्यांत चांगला कागद तुझ्या बापाचा आहे, तू बिनघोर जा. तू गेलीस. तुला दोष देत नाही मी. हे वाक्य दोनदा वाच.

तो कागद नुसता फायलीत पडून राहत नव्हता, रुझा. ज्यांचे आकडे वाईट, त्यांच्याकडे दुखण्याचे डॉक्टर जायचे. दर गुरुवारी एक बाई यायच्या, खाटेशी बसून बोलायच्या. सरांपाशी कुणी बसलं नाही. गेल्या हिवाळ्यात दोन यंत्रं बंद पडली आणि दोन पेशंट नदीपलीकडच्या केंद्रात पाठवायचे ठरले. जायला दीड तास, यायला दीड तास, आठवड्यातून तीनदा. डॉक्टरांनी यादी मागवली आणि सर्वांत धडधाकट दोघं निवडले, त्यांत पहिले सर. यादी मीच नेऊन दिली होती.

गेल्या शुक्रवारी सर शेवटचं डायलिसिस करून आले. सोमवारी गाडीवाल्यानं दारात भोंगा वाजवला, सर बाहेर आलेच नाहीत. बुधवारी मला कळलं, तशी मी धावत गेले. स्वयंपाकघरात बसले होते, सुजलेले पाय स्टुलावर. मी समजूत घालायला लागले. म्हणाले, सर, इतके चांगले आकडे असताना डायलिसिस सोडायचं, हे काय भलतंच? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सातवीत फळ्यापाशी मी गणितात अडकून उभी असायचे, तेव्हा पाहायचे तसं.

"बिसेरका, अडतीस वर्षं मी मार्क दिले. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे नापास. तुला मी एक दिला होता. तुलासुद्धा कळू नये?"

मग ते म्हणाले, "तीन वर्षं सांगत होतो, सगळ्या विषयांत नापास आहे म्हणून. तू हसायचीस. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण इलाज नाही, म्हणून हसण्यावारी नेताय. नापास पोराला मी निदान घरी तरी बोलवायचो."

बोलवायचेच की. अपूर्णांकांत नापास झाले म्हणून चार रविवार तुमच्या घरी मला बोलावलं होतं. तुझी आई घेवड्याच्या सूपचा वाडगा पुढे ठेवायची, तू दाराआडून मला वेडावून दाखवायचीस आणि सरांचा आवाज एकदाही चढला नाही. आज मी औषधाचा डोस न चुकता मोजते, तो त्या चार रविवारांमुळे. आणि त्या माणसाचा 'एक' मला कळला नाही. दुसऱ्या कुणाला नसता कळला तर चाललं असतं.

मी त्यांना सांगितलं की कागदावर सगळं उलटं होतं. ते म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी पहिला नंबर," आणि खोकला येईपर्यंत हसले. मला रडू आवरेना. काल डॉक्टरांना घेऊन गेले. जवळचं केंद्र, दुखण्याचं औषध, सगळं देऊ केलं. सरांनी अदबीनं ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. थकलो, म्हणाले. तीन वर्षांपूर्वी कागद सरळ वाचला असता तर काय झालं असतं, हे मला विचारू नकोस. मीच दिवसभर स्वतःला विचारतेय.

येऊन त्यांचं मन वळव, असं लिहीत नाही. ते वळायचं नाही, आणि माझ्या अनुभवानं आता पाच-सहा दिवस राहिलेत. झोप वाढलीय, श्वासाला घरघर लागलीय. काल डॉक्टर गेल्यावर मी तोच कागद पुन्हा काढला आणि एकेक शब्द सावकाश वाचून सगळं विचारलं. आलेले आकडे लिहीत नाही, तुला कळलं असेल. कागदाची घडी घालताना त्यावर नसलेला एक प्रश्न विचारला. रुझानं यावं का? म्हणाले, "पाच." कुठला पाच, सर? म्हणाले, "शाळेतला." ओब्रादची बस शनिवारी संध्याकाळी सात वाजता लिंझहून परत निघते. त्याच्या मागची जागा मी तुझ्या नावानं धरून ठेवली आहे.

जिच्या शब्दावर तू गेलीस ती,
तुझीच
बिसेरका