छातीवरच्या पट्टीबाबत

मी, ओटिलिया गॅपमायर, कै. कासियान गॅपमायर यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिवणकाम (आता बंद), राहणार ओबरग्रूबेन, टिरोल, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा एगोन हा मजकूर वाचून पहिली शंका माझ्या डोक्याचीच घेईल. हात मात्र कापतो. म्हणून मी बोलते आहे आणि नोटरीसाहेबांचा लेखनिक लेख्नर टंकतो आहे. तोंडातून निघेल ते सगळं उतरवायचं, गाळायचं काही नाही, असं मी त्याला बजावलं आहे. यापूर्वी चार वेळा मृत्युपत्र करायला बसले आणि चारही वेळा सहाव्या कलमाशी येऊन उठले. ते चारही कागद चुलीत गेले. ही पाचवी खेप.

कलम एक. माझ्या राहत्या घराचे वरचे दोन मजले, फर्निचर आणि भांड्यांसह, माझ्या मृत्युपश्चात एगोन यास मिळावेत. छपराची उत्तरेकडची बाजू गळते, तीही त्याचीच. तळमजल्यावरची शिवणखोली यात धरू नये. तिचं पुढे येतं.

कलम दोन. बँकेत जे असेल ते एगोन आणि माझी भाची गेनोवेवा, म्हणजे आमची वेवी, यांनी निम्मंनिम्मं घ्यावं. भांडू नये. भांडलात तर मला वर चैन पडणार नाही, तसंही पडेल असं वाटत नाही.

कलम तीन. माझ्या स्की आणि काठ्या वेवीला. वेवी, तुला हजारदा सांगितलं, कानात गाणं घालून उतारावर जाऊ नकोस. तू हसतेस आणि म्हणतेस, "मावशी, तुझं अख्खं घर गाणी ऐकणाऱ्यांच्या जिवावर उभं राहिलं आणि मलाच उपदेश?" बरोबर आहे तुझं. माझा संसार त्यांच्या जॅकेटांवरच चालला. पण मी स्वतः एकदाही कानाला काही लावून उतरले नाही. बर्फ कडक आहे की भुसभुशीत, मागून कोण येतंय, हे कानालाच आधी कळतं. ज्याने कान बुजवले त्याची काळजी दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते.

कलम चार. माझे दीर हार्टविग यांना मोठा बिडाचा तवा. गेली तीस वर्षं जेवायला आले की त्यांची नजर त्याच्यावर. एकदाचा न्या म्हणावं. सोबत कासियानच्या तेराव्या वाढदिवसाचं घड्याळही न्या, जे तुम्ही आधीच नेलं आहे.

लेख्नर म्हणतो, बाई, जरा बसा. मी बसत नाही. बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की बसावंसं. तू टंक.

कलम पाच. पेटंट. सन १९८६ मध्ये माझ्या नावे नोंदलेल्या पेटंटची वीस वर्षांची मुदत संपलेली आहे, त्यामुळे त्यात कुणाला देण्यासारखं काही उरलेलं नाही. नोंदीखातर सांगते. स्की करताना घालायचं जॅकेट. आत कॅसेट वाजवायच्या यंत्राचा खिसा. कानाची वायर अस्तरातून कॉलरपर्यंत नेलेली, म्हणजे वर ओढून नेणाऱ्या लिफ्टच्या दांड्यात ती अडकून गळ्याला फास बसत नाही. आणि छातीवर चामड्याची रुंद पट्टी. पट्टीच्या मागे लाकडी गोटी, यंत्राच्या बंद करायच्या बटणावर बरोब्बर बसणारी. जाड हातमोज्यात बोटं असून नसल्यासारखी. चेन उघडून बटण चाचपेपर्यंत माणूस खाली पोचलेला असतो, नाहीतर झाडावर. इथे छातीवर एक चापट मारायची, गाणं बंद, आणि जग ऐकू येतं.

त्या चापटीवर माझ्याकडे चौदा बायका कामाला होत्या. लिफ्टच्या खालच्या स्टेशनात काचेच्या कपाटात माझं एक जॅकेट टांगलेलं आहे. खाली पाटी आहे, "कल्पना व निर्मिती: ओटिलिया गॅपमायर". शाळेतली पोरं येऊन बघतात.

आता पुढचं. खिडकी उघड रे जरा. नको, लाव. थंडी येते.

कलम सहा. ती पट्टी माझी नाही.

लिहिलंस? परत वाच. हां. ती पट्टी समोरच्या घरात राहणाऱ्या क्रेसेन्झ मोयार हिची आहे. आम्ही तिला झेंझी म्हणायचो. आता मी तिला काहीच म्हणत नाही, कारण एकवीस वर्षं आम्ही बोललेलो नाही.

तिचा नवरा वेंडल लिफ्टवर कामाला होता. सकाळी उतार तपासायला निघायचा तो कानात बँडची कॅसेट घालून. एकदा वरून सामान वाहायची मोकळी घसरगाडी सुटली. झेंझी बेंबीच्या देठापासून ओरडली, पण याच्या कानात तुताऱ्या. खांद्याचं हाड मोडलं. झेंझी आठ दिवस त्याची सेवा करत होती आणि आठ दिवस शिव्या घालत होती. नवव्या दिवशी तिने जुन्या चामडी एप्रनचा तुकडा कापला आणि त्याच्या जॅकेटावर ती पट्टी शिवली. "बहिऱ्या," म्हणाली, "माझा आवाज आला असं नुसतं वाटलं तरी छातीवर मार, आणि माझं ऐक!" त्या हिवाळ्यात वेंडल दिसला की जो तो त्याच्या छातीवर एक ठेवून द्यायचा. "वेंडल, बायको हाक मारतेय!" पाद्रीबाबांनीसुद्धा मारली आहे. मीही.

फेब्रुवारीत त्या जॅकेटची चेन तुटली. इतकं जाड कापड ओढणारं मशीन गावात माझ्याकडेच. झेंझी घेऊन आली. "ओटी, सांभाळून हं," म्हणाली, "माझं डोकं आहे त्यात." आणि जाताना माझ्या टेबलावर जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी ठेवून गेली. रविवारी सगळे चर्चला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले, पट्टी उसवली, गोटी मोजली, खाकी कागदावर सगळं कटिंग उतरवून घेतलं आणि पट्टी होती तशी शिवून टाकली. माझा टाका इतका सफाईदार की तिला कळलंसुद्धा नाही. मंगळवारी मी इन्सब्रुकला पेटंटवाल्या वकिलाकडे.

त्याने विचारलं, "हे याआधी कुणी पाहिलंय का, बाई? चारचौघांत कुणी वापरलं असेल, तर पेटंट मिळत नाही."

मी म्हटलं, "छे हो, माझ्या शिवणखोलीबाहेर गेलेलं नाही."

अख्ख्या गावाने ज्याच्यावर चापट्या मारल्या होत्या, त्याबद्दल मी हे बोलले. जीभ अडखळली नाही. पुढे जॅकेटं खपायला लागली, घराघरातली एकेक बाई माझ्याकडे कामाला आली आणि गाव गप्प बसलं. झेंझीकडे कागद नव्हता आणि तिच्या बाजूने बोलायला माणूस नव्हता. गावाला मी दोष देत नाही. देते, थोडा देते. पण आधी माझा.

सन १९८७च्या नाताळच्या जत्रेसाठी तिने स्वतः काही जॅकेटं शिवली, पट्टी लावून. मी वकिलाकरवी तिला नोटीस धाडली. उत्तर आलं नाही, ती स्वतः आली. हातात जॅकेटांचा ढीग. माझ्या टेबलावर टाकला आणि टाके उसवायची सुरी मागितली.

"झेंझी, कायदा आहे तो," मी म्हटलं. "मी तरी काय करू?"

"तू काही करू नकोस गं. आधीच पुष्कळ केलंस. मी उसवते."

एकेक पट्टी उसवून तिने माझ्यासमोर ठेवली. शेवटचं जॅकेट वेंडलचं होतं, पहिलं, जुनं. "हे पण?" तिने विचारलं. राहू दे, एवढंच म्हणायचं होतं मला. दोन शब्द. मी म्हटलं, "नोटिशीत तसंच लिहिलंय."

तिने तीही उसवली. वेंडल १९९७ साली गेला. मी अंत्ययात्रेला गेले नाही, पडद्याआडून बघितली. मला लाज वाटते. लेख्नर, हे वाक्य असंच ठेव, सजवू नकोस. मला लाज वाटते आणि झोप लागत नाही.

सबब माझी इच्छा अशी: (अ) तळमजल्यावरची शिवणखोली आणि त्यातलं मोठं मशीन क्रेसेन्झ मोयार हिला मिळावं. (आ) काचेच्या कपाटाखालची पाटी बदलून तिथे तिचं नाव लावावं, माझं काढावं. (इ) माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रविवारी नोटरीसाहेबांनी हे कलम लिफ्टच्या खालच्या स्टेशनासमोर सर्वांना वाचून दाखवावं.

एगोनला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, जुनी मढी कशाला उकरतेस? पेटंट संपलं. आणि माझ्या दुकानावर तुझंच नाव आहे, गिऱ्हाईक काय म्हणेल?" एगोन, माझं नाव खाली उतरव आणि तुझं लाव. पन्नाशीचा झालास.

कलम सात. हे कलम त्याच दिवशी दुपारी वाढवलं. मजकूर टंकलेला असल्याने कायद्याने तीन साक्षीदार लागतात. लेख्नर एक, डॉक्टर प्लांगर दुसरे. तिसरा माणूस बघायला लेख्नर गल्लीत गेला. तो पडला परगावचा, त्याला काय ठाऊक? समोर एक म्हातारी बर्फ ओढत होती, तिलाच घेऊन आला. दारात झेंझी, हातात फावडं.

लेख्नरने नाव विचारलं, कागद पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. "बाई, तुमचं नाव तर आत आहे. साक्षीला सही केलीत, तर तुम्हाला दिलेलं रद्द होईल."

"मला? हिने? काय दिलंय?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दे तिला. वाचू दे."

तिने माझाच चष्मा उचलला, उभ्याउभ्या सगळं वाचलं. पानं उलटायला तिला इतका वेळ लागत होता की मी दोनदा चुलीत लाकूड घातलं, गरज नसताना. मग तिने चष्मा काढला.

"एकवीस वर्षं लागली का गं?"

"हो."

"आणि हे तू मेल्यावर वाचणार? वा! तू मस्त मातीखाली झोपणार आणि मी एकटी त्या सगळ्यांची तोंडं बघत उभी राहणार? आणि मी आधी गेले तर?"

मी म्हटलं, "मशीन तरी घे, झेंझी. चांगलं आहे अजून."

"काय करू त्याचं? सुई ओवता येत नाही मला आता. ठेव तुझ्याकडे." ती लेख्नरकडे वळली. "कुठे करायची सही?"

"पण बाई, मग शिवणखोली..."

"कळलं हो मला, बहिरी नाही मी. खोली घेतली तर गाव म्हणेल, म्हातारीला खोली मिळाली म्हणून गप्प बसली. मला खोली नको. मी साक्ष देणार. पण आज नाही." मग माझ्याकडे. "तू वाचायचंस. स्वतःच्या तोंडाने, उभं राहून, रविवारी. ऐकेन मी. एक शब्द जरी गाळलास ना ओटी, तर सही नाही."

इतकं बोलून ती फावडं घेऊन गेली. जाताना दार उघडंच टाकलं.

म्हणून वरील कलम सहा (अ) मी रद्द करते, शिवणखोली आणि मशीन वेवीला मिळावं. (आ) कायम, पण माझ्या मृत्यूची वाट न बघता. (इ) मध्ये "माझ्या मृत्यूनंतरच्या" हे शब्द खोडावेत आणि "नोटरीसाहेबांनी" याऐवजी "मी" लिहावं. एगोनला निरोप धाडला आहे, यायचं की नाही त्याचं त्याने ठरवावं. मला आत्तापासून घाम फुटला आहे. लेख्नर, पुरे. ऊठ.

हे माझं मृत्युपत्र आहे. हे वाक्य कायद्याप्रमाणे माझ्या हाताने लिहिलं आहे, वाकडं आलं आहे, तरी माझंच आहे.

(सही) ओटिलिया गॅपमायर

स्थळ: लिफ्टचं खालचं स्टेशन, काचेच्या कपाटासमोर, ओबरग्रूबेन
दिनांक: रविवार, १ फेब्रुवारी २००९, सकाळच्या प्रार्थनेनंतर

साक्षीदार:
१. (सही) यूलियुस लेख्नर, लेखनिक
२. (सही) डॉ. आन्सेल्म प्लांगर
३. (सही) क्रेसेन्झ मोयार. धंदा: ~~गृहिणी~~ शिवणकाम. खोडाखोड माझी. तिने सगळं वाचलं, काही गाळलं नाही. "नोटिशीत तसंच लिहिलंय" इथे थांबली होती, पण वाचलं. थंडी फार होती, तरी कुणी घरी गेलं नाही.