पोटदुखीचं विज्ञान

१२ मार्च
लंबू विभागप्रमुख झाला. मनापासून आनंद झाला. बसचं वेळापत्रक आम्ही दोघं एकाच टेबलावर बनवायचो, जेवायचोही तिथेच. आता त्याला केबिन. दुपारपासून माझ्या पोटात दुखतंय. योगायोग.

१३ मार्च, सकाळ
मोबाइलवर लेख वाचला. पोट म्हणजे दुसरा मेंदू. मूड पोटातले जंतू ठरवतात. म्हणजे माझ्या चिडचिडीत माझा काडीचाही दोष नाही. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, लंबूभावजींना केबिन मिळाली तेव्हापासून तुमच्या पोटात दुखतंय, हे लेख न वाचताही कळतं. तारीख बरोबर, निदान चूक.
संकल्प: रोज वाटीभर दही. चहा बंद. राग बंद. जंतू सुधारले की लंबूचं अभिनंदन.

१५ मार्च
लंबूने केबिनमध्ये जेवायला बोलावलं. पथ्य आहे म्हणालो. जिन्यात बसून दही खाल्लं. त्याची खुर्ची गोल फिरते. मी बघत नव्हतो, दिसली.

१९ मार्च
पोटदुखीची रजा. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. नेमकं कधी दुखतं, विचारलं. म्हटलं, केबिनकडे तोंड केलं की. म्हणाल्या, पोट ठणठणीत आहे. डॉक्टर बदलायला हवा.

२२ मार्च
लंबूने सगळ्यांदेखत माझ्या वेळापत्रकाचं कौतुक केलं. असह्य कळ. रजेचा अर्ज टाकून घरी आलो. जंतूंना कौतुक सोसत नाही.

२६ मार्च
शिपाई सांगत होता, लंबूची बढती गेली. पोट एकदम बरं! दोनदा वाढून घेतलं. बायकोला म्हटलं, बघ, दही.

२७ मार्च
लंबू टेबलावर परत आला. मोठ्या मनाने त्याला दह्याचा सल्ला दिला. तो म्हणाला, बढती गेली नाही, मीच सोडली. केबिनमध्ये एकट्याला घास उतरत नव्हता. स्वतःच्या जागी त्याने माझंच नाव सुचवलं होतं म्हणे. साहेब म्हणाले, त्यांचं पोट कायम बिघडलेलं, त्यांना कुठे झेपणार? केबिन नुकत्याच लागलेल्या एका पोराला दिली.
मग लंबूने त्याच्या डब्यातलं अर्धं माझ्या झाकणात वाढलं. अभिनंदन करायचं राहिलंच. आता कशाचं करणार.

रात्री
पोटात नुसती कालवाकालव. दही आंबट असावं.