वहीतले बावन्न ठोके

३ मार्च, सोमवार

चौसष्ट. तीनदा मोजली. चौसष्ट, पासष्ट, पुन्हा चौसष्ट!

वहीत बावन्न लिहिलं.

सरांचा नियम साधा. जाग आली की अंथरुणातच पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि दात घासायच्या आधी दारामागे टांगलेल्या वहीत आकडा टाकायचा. रोजच्यापेक्षा सहा ठोके जास्त भरले, तर पळणं बंद. गेल्या वर्षी मी इमानदारीत एकसष्ट लिहिलं. सरांनी तीन दिवस बसवलं, चौथ्या दिवशी निवड झाली आणि जिराफ गेली. जिराफ म्हणजे माझ्याच खोलीतली — तिचे नुसते पायच माझ्या खांद्यापर्यंत येतात. खरं लिहिलं आणि जागा गेली. हात दाखवून अवलक्षण! या वेळी नाही. तेवीस तारखेला आठशे मीटरची निवड आहे. आमच्या दोघींतून एकच जाणार. मला सत्ताविसावं चालू आहे, पुढल्या वर्षी कोण विचारतंय?

४ मार्च, मंगळवार

त्रेसष्ट. लिहिलं बावन्न. जिराफच्या रकान्यात अठ्ठेचाळीस. रोज अठ्ठेचाळीस! बाईच्या छातीत हृदय आहे की भिंतीवरचं घड्याळ?

६ मार्च, गुरुवार

चारशे मीटर, पाच वेळा. तिसऱ्यापर्यंत ठीक. चौथ्या वेळी शेवटच्या वळणावर पाय गेले. दुखले नाहीत, नुसते गेले. उसने आणल्यासारखे.

सर घड्याळ हातात धरून उभे. "नाडी बावन्न. वजन ठीक. शरीर चोख आहे तुझं. म्हणजे हे डोक्यातलं आहे. गेल्या वर्षीचं अजून मनातून जात नाही." मी बुटाची नाडी बांधत बसले. सोमवारपासून पाचाच्या जागी सात, भीती मोडायला म्हणे!

मालिशवाल्या ताई पोटरी दाबताना म्हणाल्या, "अगं, पाय आहेत की लाकडं? सरांना सांगितलंस?" सांगितलं म्हटलं.

७ मार्च, शुक्रवार

सहासष्ट. बावन्न.

८ मार्च, शनिवार

सरांनी मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. छोटी खोली, दोन खुर्च्या, मध्ये कागदी रुमालांचं खोकं. म्हणजे इथे रडायची सोय आहे! बाईंनी विचारलं, "सगळ्यात जास्त भीती कधी वाटते? शर्यत सुरू होताना?"

तोंडातून निघून गेलं, "सकाळी. मोजताना."

"काय मोजताना?"

"दिवस," म्हटलं. खोटं किती पटकन येतं आता!

पण सकाळचं खरं आहे. डोळे उघडायच्या आधीच हात मनगट शोधतो. बोटं मनगटावर ठेवली की ठोके उधळतात. मग नाडी वाढते म्हणून मी घाबरते, की घाबरते म्हणून नाडी वाढते? पाय खरंच थकलेत, की सर म्हणतात तशी मी भित्री आहे? माझं मलाच कळेनासं झालंय. सरांना फसवायला गेले आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

आईचा फोन. "आवाज असा का गं? झोप लागते ना?" लागते म्हटलं. तिनं विषय बदलला, पण फोन ठेवेना.

९ मार्च, रविवार

सुट्टी. दिवसभर पडून. तरी सकाळची सदुसष्ट होती.

१० मार्च, सोमवार

पाचव्या फेरीत खाली बसले. बसले म्हणजे बसलेच, ट्रॅकवर! जिराफ बाजूनं निघून गेली. सर आले. "ऊठ. काही झालेलं नाही तुला."

"सर, ते बावन्न खोटं आहे."

ओरडतील वाटलं. ते शेजारी बसले, घड्याळ बंद केलं.

"खरी किती?"

"आज अडुसष्ट."

"कधीपासून?"

"गेल्या सोमवारपासून."

ते म्हणाले, "म्हणजे मी वहीतल्या मुलीला पळवत होतो, आणि मार खाल्लास तू." आणि म्हणाले, "गेल्या वर्षी तशी पळाली असतीस तर पाय कायमचा गेला असता तुझा. तेव्हाच नीट सांगायला हवं होतं मी." मला आधी रागच आला. मग रडू. रुमालांचं खोकं नेमकं नव्हतं तिथे!

चार दिवस फक्त चालायचं. शर्यत तेरा दिवसांवर, आणि मी पेन्शनरांसारखी फेऱ्या मारणार! संपलं सगळं, असंच वाटतंय.

११ मार्च, मंगळवार

पासष्ट. लिहिलंही पासष्ट. जिराफनं माझा आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि दात घासायला निघून गेली.

१३ मार्च, गुरुवार

एकोणसाठ.

१४ मार्च, शुक्रवार

पंचावन्न! सरांनी संध्याकाळी सहाशे मीटर पळवलं, एकदाच. शेवटच्या वळणावर पाय होते. माझेच! सरांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं आणि चक्क हसले.

जिराफ मात्र त्याच वळणावर ढेपाळली. पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती, ओठ पांढरे. सर तिला म्हणाले, "नाडी अठ्ठेचाळीस आणि पाय असे? डोक्यात काय चाललंय तुझ्या?" माणूस एकदा पोळला तरी जिराफवर त्यांचा डोळे मिटून विश्वास.

मला आनंद झाला. इथे तरी खोटं नको, म्हणून लिहिते. झाला आनंद.

१५ मार्च, शनिवार, सकाळ

त्रेपन्न.

जिराफ अजून झोपलीय. हात पांघरुणाबाहेर लोंबत होता. हळूच बोटं ठेवली. एकाहत्तर.

वही बघितली. तिच्या रकान्यात आजचे अठ्ठेचाळीस लिहून झालेत. उद्याचेही. थेट तेवीसपर्यंत.

शर्यतीला आठ दिवस आहेत. मला पाच पुरले. आजपासून विश्रांती मिळाली तर ती मला हरवेल. ताजी असली की हरवतेच. मी गप्प बसले तर जागा माझी.

जिराफ, ही माझी रोजनिशी तुझ्या उशाशी ठेवतेय. तीन तारखेपासून वाच. खोडरबर आत आहे.