गुरूचे चंद्र आणि एलिदाबाईंचा दिवा

१८ एप्रिल
दिवा लागला! समोरच्या खांबावर, नेमका माझ्या अंगणाकडे डोळे वटारून. आयग्वासारख्या गावात, जिथे जेवणं झाली की कुत्रंही रस्त्यावर फिरकत नाही, तिथे एवढा उजेड हवा होता कुणाला? समोरच्या एलिदाबाई बेंतांकोरना. पोस्टात खिडकीवर होत्या. निवृत्त झाल्यापासून नगरपालिकेच्या मागे लागल्या होत्या – अंधारात दारची पायरी दिसत नाही म्हणून. आज दारात उभ्या राहून अशा बघत होत्या, जणू स्वतः काडी ओढून पेटवलाय.
मी गुरूवर दुर्बीण लावली. फोनच्या पडद्यावर गुरू कुठला, नुसता दिवाच दिवा.

१९ एप्रिल
काय करायचंय ते इथे तरी लिहितो. गोळे घरंगळवायच्या खेळाचा आमचा क्लब, तिथे सांगितलं तर हसले. जन्मभर बस चालवली – मिनासला जा, परत ये. आता गुरूचे चार चंद्र पकडायचेत. रोज संध्याकाळी अंगणात दुर्बीण, तिला फोन बांधलेला, थोड्या थोड्या वेळाने एक छोटा व्हिडिओ. सगळ्या संध्याकाळी एकापुढे एक जोडल्या की चारही ठिपके गुरूभोवती गरगर फिरताना दिसतील. आयोला तर एका फेरीला दोन दिवसही लागत नाहीत.
क्लबचे अध्यक्ष ओस्वाल्दो पिरिस म्हणाले, वर्धापनदिनाला दाखव. मांस खाऊन झाल्यावर लोकांना झोप यायला काहीतरी लागतंच.
आता दाखवणारच.

२१ एप्रिल
रंगाचा रिकामा डबा बांबूच्या टोकाला अडकवला आणि दिव्याला टोपी घातली. काय अंधार! आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो – चौघे ओळीत. जेमतेम दोन व्हिडिओ झाले, तोवर एलिदाबाई दारात. ओरडल्या नाहीत. सरळ रस्ता ओलांडून आल्या. (पायरी बरोबर दिसली.)
"वाल्देमार, माझा दिवा तुम्ही विझवलात."
"फक्त झाकलाय."
"मेलेल्या माणसालाही झाकतातच."
शेवटी तह झाला. माझं काम चालेल तेवढा वेळ डबा राहणार. पण अंधारात घरी एकट्याने बसवत नाही, म्हणून त्या माझ्या अंगणात बसणार. खुर्ची घरून आणली. उशीसकट.

२२ एप्रिल
एलिदाबाई मातेत, आमच्या कडू पाल्याच्या चहात, साखर घालतात! थर्मास, शाल, उशी, प्रश्न – आणि साखर. मी निमूटपणे प्यायलो. गुरूसाठी माणसाला काय काय करावं लागतं.

२५ एप्रिल
त्यांची शाल दुर्बिणीच्या तिवईत अडकली. गुरू गेला आणि पडद्यावर शेजारच्या कासारेसच्या घराचं धुराडं आलं. तासाभराचं काम पाण्यात. मी काही बोललो नाही, तर त्याच म्हणाल्या, असं गप्प राहण्यापेक्षा ओरडा एकदाचे. ओरडलो. मग दोघांनाही बरं वाटलं.
कॅलिस्टो त्यांना आवडत नाही, गुरूपासून फार लांब राहतो. त्यांच्या बहिणीचा, राकेलचा नवरा असाच आहे म्हणे. गावातनं जातो, घरात येत नाही.

३० एप्रिल
चांगले व्हिडिओ थोडे, गप्पा फार. क्लबातलं एकही माणूस आज आमच्या तोंडून सुटलं नाही.

६ मे
जोडून पाहिलं. फिरतात! आयो गुरूमागे जातो, दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. एलिदाबाईंना दाखवलं. त्यांनी पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, छान. एवढंच. माझा जरा हिरमोडच झाला.

१३ मे
लिहू की नको.
क्लबचा वर्धापनदिन. हॉलमध्ये दिवे घालवले. मी बटण दाबलं. भिंतीवर गुरू, चार ठिपके. मी वाट बघतोय, ठिपके काही हलेनात. चुकीचा व्हिडिओ! एका संध्याकाळी गप्पांच्या नादात बंद करायचा राहिलेला, तो. हे कळेपर्यंत क्लबच्या लाउडस्पीकरमधून एलिदाबाईंचा आवाज घुमला: "ओस्वाल्दो पायाने गोळा पुढे सरकवतो. दर फायनलला."
मग माझा: "सगळ्यांना माहितीये. बोलणार कोण?"
दरवर्षी दुसरा येणारा म्हातारा आन्सेल्मो उठून उभाच राहिला. म्हणाला, मी इतकी वर्षं काय सांगत होतो?
बंद करायचं बटण सापडेना. चष्मा कोटात, कोट खुंटीवर. तोवर पिरिसबाईंच्या मुरंब्याला आम्ही गिलावा म्हणून झालं. आता हॉल फुटायच्या बेतात होता. खुद्द पिरिसबाईसुद्धा रुमाल तोंडाला लावून हलत होत्या.
मग माझा आवाज: थर्मास भरून आणतो. पावलं. जरा वेळ काहीच नाही. मला वाटलं, सुटलो.
मग एलिदाबाई, हळू आवाजात. फोनवर राकेलशी बोलत असणार.
"कसला दिवा घेऊन बसलीस? मला आता नकोच आहे तो. पण तसं सांगितलं तर इथे येऊन बसायला कारण काय देऊ? नाही गं, चंद्र तो बघतो. मी त्याला बघते."
कुणी हसलं नाही. एलिदाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. पर्स उचलली आणि गेल्या. खुर्च्यांमधून वाट काढताना "माफ करा, माफ करा" म्हणत गेल्या.
ओस्वाल्दोने येऊन भिंतीतली वायरच उपटली. मला वाटलं, आता मारतो. तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चष्मा घाल आणि खरा लाव."
लावला. चंद्र फिरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा लाव म्हणाले. मी दाराकडे बघत होतो.

१४ मे
दार बंद. पडदेही. फोन उचलत नाहीत.

१६ मे
दिव्यावरचा डबा काढून टाकला. मग जाऊन दार वाजवलं. दार उघडलं नाही, आतून आवाज आला.
"फिल्म चांगली झाली म्हणतात."
"तुम्ही बघितलीत कुठे?"
"ऐकली ना."
उद्या आयो गुरूच्या समोरून जाणार आहे, त्याची सावली पडेल, असं काहीतरी बोललो.
"जाऊ दे त्याला," म्हणाल्या.
परत आलो. गाढव मी! सावलीचं काय सांगत बसलो?

१९ मे
सकाळपासून गच्च ढग. गुरू नाही, चंद्र नाहीत, दुर्बीण घरात.
एलिदा तरीही आली.