बुधवारी जाणारं वायफाय

प्रिय दादा,

तीन वर्षांनी तुला लिहायला बसले आणि विषय काय, तर घरातलं वायफाय. हस हवं तर. पण ते सारखं जातं आणि त्यापायी गेले चार महिने मी जो आटापिटा केलाय तो कुणाला तरी सांगायचाय. तो ऐकण्याचा पहिला मान तुझा. का, ते कळेलच. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच तोंड घातलं असतंस. कागदाचं बरं असतं, समोरच्याला शेवटपर्यंत गप्प बसून ऐकावं लागतं.

चार महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण मी घरी येईपर्यंत अडीच तास ती ओल्या फरशीवर पडून होती. मी तिकडे प्रयोगशाळेत लोकांच्या टाक्यांमधलं पाणी तपासत बसले होते आणि इथे माझी आई भिंतीवर चमचा आपटून शेजाऱ्यांना बोलावत होती. तो चमचा कुठून आला तिच्या हातात, देव जाणे. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून बैठकीच्या खोलीत मुठीएवढा कॅमेरा बसवला. आवाज येत नाही, साठवून काही ठेवत नाही, नुसतं त्या क्षणाचं माझ्या मोबाइलवर दिसतं: आई खुर्चीत बसलीय, पेपर वाचतेय, डुलकी काढतेय. मी दर अर्ध्या तासाने एकदा बघायचे आणि परत बाटल्यांकडे वळायचे. तिला विचारूनच बसवला बरं. तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर बसव बाई, असं म्हणाली होती.

आता कॅमेरा चालतो वायफायवर आणि आपलं वायफाय म्हणजे निव्वळ डोक्याला ताप. पहिल्या महिन्यात दिवसातून दहादा जायचं. आईच्या जागी मोबाइलवर एक चक्र गरगरत राहायचं. कंपनीला फोन लावला की एक गोड आवाजाची मुलगी विचारायची, राउटर बंद करून परत चालू केलात का? केला, बाई, केला. इतक्यांदा केला की ते दोन शिंगांचं पांढरं डबडं मला बघूनच घाबरत असेल. मग मी स्वतःच हात घातला. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता, तिथून काढून बाबांच्या जुन्या रेडिओवर आणून ठेवला, दाराजवळ. फरक पडला. मग कळलं की मायक्रोवेव्ह सुरू केला की कॅमेरा बंद पडतो, तर मायक्रोवेव्ह पार गॅलरीच्या बाजूला नेला. मग कळलं की आजूबाजूच्या सगळ्या घरांची वायफाय एकाच चॅनेलवर गर्दी करून बसलीत, एका खोलीत दहा माणसांनी एकदम बोलावं तशी. मोबाइलवरून आपला चॅनेल बदलला. भिंतीतली वायर वाकलेली होती, ती स्टुलावर चढून सरळ करून ठोकली. आई खाली उभी राहून स्टूल धरायची आणि म्हणायची, किती गं मरतेस त्या डबड्यासाठी. हे वाक्य लक्षात ठेव.

माझी सवय तुला माहीत आहे. कामावर प्रत्येक बाटलीची तारीख, वेळ, कुठल्या टाकीची, सगळं वहीत लिहावं लागतं. तशीच एक वही मी घरच्या वायफायची केली. कॅमेरा बंद पडला किंवा सुरू झाला की मोबाइलवर सूचना येते, ती वेळ लिहायची: कधी गेलं, कधी आलं. एकेक दुरुस्ती होत गेली तशी पानं मोकळी होत गेली. दोन महिन्यांनी वहीत फक्त एकाच वाराची नोंद उरली. बुधवार. बंद एक पस्तीस, सुरू तीन पन्नास. पुढचा बुधवार, बंद एक चाळीस, सुरू तीन पंचेचाळीस. मला वाटलं त्या वेळेला आपल्याकडे वीज जात असेल. आईला विचारलं, तर म्हणाली, जात असेल बाई, माझं लक्ष नसतं. म्हटलं, तू चुकून बटण तर बंद करत नाहीस ना? म्हणाली, मी त्या डबड्याला हात तरी लावते का? आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, तेवढं मात्र ती खरं बोलली.

एका बुधवारी कॅमेरा गेला आणि सव्वातीनपासून आई फोनही उचलेना. तीनदा लावला, चारदा लावला. मला ती ओली फरशी दिसायला लागली. अंगावरचा पांढरा कोट तसाच, मी बसची वाट न बघता धावत सुटले. तीन थांबे पळाले, दादा, या वयात, या गुडघ्यांनी. जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. दार उघडलं तर आई खुर्चीत. केस नीट विंचरलेले, चेहरा ताजातवाना. लवकर आलीस, म्हणाली. मी तिच्या पायाशी बसून रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले होते, अजून ओले. शेजारच्या काकू आल्या होत्या, असं तिने न विचारताच सांगितलं. मला त्याही वेळी बरंच वाटलं, की चला, कुणीतरी सोबतीला होतं. काय मूर्ख असतं ना माणूस.

शेवटी हात टेकले आणि कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला. निवृत्तीला आलेला गृहस्थ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. त्याने वायर तपासली, सॉकेट तपासलं, मग राउटरच्या आतली नोंद मोबाइलवर उघडून बराच वेळ वाचत बसला. मी माझी वही पुढे केली. त्याने दोन्ही ताडून बघितलं आणि चष्मा खाली घेतला. म्हणाला, "ताई, लाइन गेली तरी हे यंत्र जागं असतं. इथे यंत्रच बंद झालंय. वीजही गेलेली नाही, शेजारच्या घरांतली यंत्रं त्या वेळी चालू होती. दर बुधवारी कुणीतरी याचं बटण बंद करतं आणि जाताना चालू करतं." मग त्याने मला एक यादी दाखवली. कुठला फोन कधी या वायफायला जोडला गेला, ते सगळं त्यात असतं म्हणे. माझा फोन, आईचा फोन, कॅमेरा आणि चौथं एक नाव. दर बुधवारी, राउटर चालू झाल्याबरोबर, चार-पाच मिनिटं. बूट घालून जिना उतरेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा. त्या फोनचं नाव होतं सेनापती.

तंत्रज्ञाने विचारलं, ओळखीचं आहे का? मी म्हटलं, हो, घरचंच आहे.

लहानपणी गच्चीवर तू सेनापती असायचास आणि मी एकटी सगळं सैन्य. पाणी आणायचं मी, दगड गोळा करायचे मी, मरायचंही मीच. फोनलाही तेच नाव ठेवलंस, कमाल आहे तुझी. पासवर्ड तर अजून बाबांच्या स्कूटरचाच नंबर आहे, तो तुला विचारावाही लागला नसेल. आणि हुशार आहेस हो. कॅमेऱ्याचंच बटण बंद केलं असतंस तर मला पहिल्याच दिवशी संशय आला असता. वायफाय गेलं की कुणाचाच दोष नसतो.

तरीही माझा विश्वास बसेना. गेल्याच्या गेल्या बुधवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि आपल्या घराच्या वरच्या जिन्यावर, वळणाच्या पायरीवर जाऊन बसले. स्वतःच्या घराबाहेर चोरासारखी. दीडला तू आलास. हातात पिशवी, केस बरेच पिकलेत तुझे. बेल वाजवली नाहीस, बोटाने हलकेच दोनदा दार वाजवलंस. आईने दार उघडलं. दार लागायच्या आधी तिचं बोलणं ऐकू आलं, अगदी स्पष्ट. "बटण बंद कर आधी. ती बघत असते."

ती. माझं नावसुद्धा नाही, दादा. घरातली सासू किंवा कचेरीतला साहेब असावा तशी ती. मग आतून आईचं हसणं ऐकू आलं. बाबा गेल्यापासून ती माझ्यासमोर तशी एकदाही हसलेली नाही. मी दार वाजवलं नाही. उठले, प्रयोगशाळेत परत गेले आणि संध्याकाळपर्यंत अकरा बाटल्या तपासल्या. एकही नोंद चुकली नाही.

तू आईला भेटतोस म्हणून मला राग आला, असं वाटत असेल तुला. नीट वाच. बाबा दवाखान्यात एकोणीस दिवस होते आणि तू शेवटच्या दिवशी उगवलास. मी दारातच तुला म्हटलं, आता कशाला आलास, परत जा. जास्तच बोलले असेन. पण तू खरंच परत गेलास आणि आई मूग गिळून बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, माझ्या लेखी तो संपला. मी ते खरं धरलं. तीन वर्षं तुझं नाव घरात काढलं नाही, तिला त्रास होईल म्हणून. तिला कुणीच नाही असं समजून मी तिचं सगळं झाले. तुमचा हा बुधवार किती जुना आहे, मला माहीत नाही. कॅमेरा नव्हता तेव्हा बटण बंद करायचीही गरज नव्हती.

आता मुख्य गोष्ट. बंदराच्या गावी आमची नवी प्रयोगशाळा निघतेय आणि तिची प्रमुख म्हणून दोन महिन्यांपूर्वी मला विचारलं होतं. वीस वर्षं बाटल्या हलवल्यावर पहिल्यांदा कुणी मला काही विचारलं. त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं. नाही म्हणाली नाही ती. माझा हात धरला, डोळे भरून आले आणि म्हणाली, "तुझ्याशिवाय मला आहे कोण?" दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नकार कळवला. परवा सहज वही चाळली, ती संध्याकाळ कुठल्या वाराची होती ते बघायला. बुधवार. बंद एक पस्तीस, सुरू तीन पन्नास. तुला निरोप देऊन दोन तास झाले नव्हते आणि ती माझा हात धरून विचारत होती, मला आहे कोण. तू आलास, बसलास, खाल्लंस, ते सगळं मी गिळलं असतं. पण तिने माझं एक आयुष्य त्या वाक्याखाली गाडलं आणि ते खोटं आहे हे फक्त तुम्हा दोघांना ठाऊक होतं. मला फसवलंत तुम्ही दोघांनी. स्टूल धरून फसवलंत.

तिचीही बाजू मला दिसते. तिला माझी भीती वाटली असेल. कुणाचा ना कुणाचा सतत डोळा आपल्यावर आहे, हे कुणाला आवडेल? पण हे तोंडावर सांगायचं होतं तिने. मी कॅमेरा काढला असता. तुझ्यासाठी दारही उघडलं असतं, दात-ओठ खात का होईना.

हे पत्र तुला राउटरखाली मिळालं असेल, बटणाकडे हात नेताना. आज मंगळवार, संध्याकाळ. बंदराच्या गावची ती जागा अजून भरलेली नव्हती. साहेबांना मी परत विचारलं आणि त्यांनी होकार दिला. उद्या सकाळी आईला सांगून निघेन. ती तेच वाक्य म्हणेल आणि मी सांगेन, दीड वाजता दार वाजेल, त्याला विचार. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा मी गाडीत बसलेली असेन. तिची औषधं फ्रिजवरच्या डब्यात आहेत, वारांप्रमाणे लावलेली. न्हाणीघरात कोरडं पायपुसणं रोज बदलायचं. रात्री ती हाक मारत नाही, उठून बघावं लागतं. बुधवारी तीन पन्नासला बूट घालू नकोस. गुरुवारीही नाही. कॅमेरा आहे तिथेच आहे, पण माझ्या फोनवरून मी तो काढून टाकलाय. तेव्हा बटण चालूच राहू दे, दादा. आता कुणी बघत नाही.

तुझंच,
एकटं सगळं सैन्य